एअर फिल्टरचा डबा बदलताना

मोटारीच्या बॉनेटखाली किंवा मोटरसायकलच्या बाजूच्या पॅनलमागे एक बोजड काळा प्लॅस्टिकचा डबा असतो. त्याची वाकडी नळी हेडलाइटमागे किंवा मडगार्डच्या पोकळीत कुठेतरी तोंड खुपसून बसलेली असते. हा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवणे हा गाडी ‘मॉडिफाय’ करण्याचा बहुधा सर्वांत सोपा प्रकार असावा. काम तासाभराचे, खर्च सायलेन्सरपेक्षा कमी, आणि फरक पहिल्याच रेसला कानावर येतो. ताकदीत किती फरक पडतो, हा हिशेब मात्र निराळा आहे.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे त्यामागे सुमारे अकरा किलो हवा, आकारमानात नऊ हजार लिटरच्या आसपास. बाराशे सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पूर्ण भरून चालले तर मिनिटाला अठराशे लिटर हवा ओढते. इंजिनाची ताकद शेवटी या हवेवरच ठरते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, हवा तेवढी कोंबता येत नाही. त्यामुळे हवेची वाट मोकळी केली की ताकद वाढेल, ही समजूत मुळात चुकीची नाही. वाट नेमकी कुठे अडली आहे, हे ओळखण्यात चूक होते.

पेट्रोल इंजिनात हवा अडवणारा सर्वांत मोठा भाग म्हणजे थ्रॉटलची झडप, आणि ती मुद्दामच अडवते. गाडी नुसती उभी चालू असताना झडपेपलीकडचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. शहरात रमतगमत चालताना झडप अर्धवटच उघडलेली असते. अशा वेळी फिल्टर कितीही मोकळा केला तरी हवा झडपेपाशी अडायची ती अडतेच. झडप पूर्ण उघडली आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत गेले, की मगच फिल्टर आणि नळीचा अडथळा हिशेबात येतो. तेव्हाही चांगल्या स्थितीतल्या गाडीत तो वातावरणाच्या दाबाच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतो, आणि वाचवायला जास्तीत जास्त तेवढेच हाती असते. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून मोटारींच्या चाचण्या घेतल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरचा पिकअप मात्र मंदावला. तुंबलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेज पडत नसेल, तर स्वच्छ फिल्टरच्या जागी महागडा बसवून ते वाढण्याची आशा फोल आहे. डिझेल इंजिनाला सहसा असा थ्रॉटल नसतो, तिथे फिल्टर तुंबल्याची खूण काळ्या धुरातून दिसते. पण डिझेललाही जास्तीची हवा एकटी देऊन उपयोग नाही, सोबत इंधन वाढवावे लागते.

कंपनीचा डबा बेढब दिसतो खरा, पण त्याला बरीच कामे नेमून दिलेली असतात. इनटेक व्हॉल्व्ह दर वेळी उघडताना आणि मिटताना हवेला जे हिसके बसतात, त्यांचा आवाज डबा गिळतो. नळीला चिकटलेल्या आंधळ्या पोकळ्या त्यासाठीच असतात. तो इंजिनाला शांत हवेचा साठा पुरवतो. पावसाचे पाणी शिरले तर ते तळाच्या छिद्रातून निथळून जाते. आणि नळीचे तोंड बॉनेटखालच्या उकाड्यापासून दूर, बाहेरच्या गार हवेत राहते. दुकानात ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक नव्या गाड्यांत कारखान्यातूनच बसून आलेले असते.

डबा काढून फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला की यातले हे शेवटचे काम आधी बिघडते. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ७० अंश सहज होतात. चाळिसावरून सत्तर अंशांवर गेलेली हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे नळीतले दोन-तीन टक्के वाचवताना नऊ टक्के हातचे जातात. ताकद मोजायच्या यंत्रावर, डायनोवर, हा तोटा लपतो, कारण तिथे बॉनेट उघडे असते आणि समोर भलामोठा पंखा घोंघावत असतो. छापील आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

वेगामुळे हवा आपोआप आत ढकलली जाते, या ‘रॅम एअर’चेही असेच आहे. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, २०० ला पावणेदोन-दोन टक्के, ३०० ला चार टक्क्यांच्या वर. कावासाकीने १९९० साली झेडझेडआर ११०० या मोटरसायकलवर ही रचना आणली, कारण ती गाडी त्या वेगांच्या जवळपास पोहोचत होती. घाटात ताशी चाळीसने चढणाऱ्या गाडीच्या बॉनेटवरचे भोक केवळ शोभेचे.

नळीच्या लांबीची गोष्ट याहून रंजक आहे. व्हॉल्व्ह मिटताच धावत्या हवेची दाबलाट उलटी फिरते, नळीच्या तोंडाशी आपटून परत येते. ती नेमकी पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना येऊन पोहोचली, तर सिलिंडरमध्ये जादा हवा फुकट शिरते. लांब नळी कमी फेऱ्यांवर हे साधते, आखूड नळी वरच्या फेऱ्यांवर. क्रायस्लरने १९६० च्या ३०० एफ या मोटारीत सुमारे ७६ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या आडव्यातिडव्या बसवल्या होत्या, त्या याच लाटेसाठी. १९९१ ची ले मान्सची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७ बी गाडीत तर फेऱ्यांप्रमाणे नळ्यांची लांबी धावताधावता बदलत असे. कंपनीचा डबा आणि नळ्या अशा हिशेबाने जुळवलेल्या असतात. त्या उडवल्या की अनेकदा खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क घटतो, म्हणजे सिग्नलवरून सुटताना आणि स्पीडब्रेकरनंतर लागणारा जोर. वर कुठेतरी थोडी ताकद मिळालीच, तरी रोजच्या रस्त्यावर ती वापरायला जागा नसते.

हवा बदलली की इंधनही बदलावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ओढले जाते ते हवेच्या वाटेत पडणाऱ्या कमी दाबामुळे. डबा काढल्याने तो दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोल कमी येते आणि मिक्श्चर लीन होते. गाडी मिसिंग करते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, प्लग पांढरा पडतो; दुर्लक्ष केले तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. उपाय म्हणजे मोठा मेन जेट, आणि त्याची किंमत ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आल्यावर बहुतेक नव्या दुचाकीही फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. तिथे सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, किरकोळ फरक सावरून घेतात. मात्र ज्या मोटारीत हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, तिथे नळीचा व्यास वाढवला की हवेचा वेग घटतो, सेन्सर कमी हवा सांगतो आणि पेट्रोल कमी पडते. इनटेकसोबत सायलेन्सर, कॅमशाफ्ट आणि ईसीयूचे रीमॅपिंग एकत्र केले, तर नफा खरोखर मिळतो. रेसची गाडी बनवणारे हेच करतात, आणि त्यांच्या खर्चात फिल्टर हा सर्वांत छोटा आकडा असतो.

फिल्टरच्या बाबतीत मोकळी हवा आणि धूळ रोखणे यांचे फारसे जमत नाही. चांगला कागदी फिल्टर चाचणीत वजनाने नव्याण्णव टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हवाही मोकळी सोडतो, पण बहुधा थोडी अधिक धूळ आत जाऊ देतो; आणि तेल जास्त झाले तर ते त्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. दहा-वीस मायक्रॉनचे वाळूचे कण रिंग आणि बोअर घासत राहतात, आणि कालांतराने गाडी ऑइल खाऊ लागते. शेतातल्या धुरळ्यात राबणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरवर आधी भोवऱ्यासारखी हवा फिरवून जाड धूळ वेगळी करणारे भांडे आणि मग तेलात हवा बुडवून काढणारा फिल्टर असतो, तो याच कारणाने.

कायद्याच्या दृष्टीने फिल्टरचा प्रकार आरसी बुकात लिहिलेला नसतो, पण आवाज आणि धूर तपासले जातात. त्यांची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कॅलिफोर्नियात इनटेकच्या प्रत्येक किटला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, नाहीतर ते रस्त्यावर बेकायदा ठरते.

पावसाळ्यात इनटेकचे तोंड किती उंचावर आहे, यावर इंजिनाचे नशीब ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईचे रस्ते कमरेएवढ्या पाण्यात गेले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा तीस-पस्तीस मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. त्याहून जास्त पाणी आत गेले की पिस्टन वाटेतच थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गार हवेसाठी फिल्टर बंपरमागे खाली बसवणाऱ्या किटना हा धोका सर्वांत जास्त. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहणे म्हणजे उरलेसुरले नुकसान पुरे करणे. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते.

उलट दिशेचा बदल म्हणजे स्नॉर्केल, तोंड थेट टपापर्यंत नेणारी नळी. ऑस्ट्रेलियाच्या कच्च्या रस्त्यांवर ती पाण्याइतकीच धुळीसाठी लावतात, कारण पुढच्या गाडीचा धुरळा खाली दाट आणि वर विरळ असतो. पण नळीचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा आणि डब्याच्या तळाचे ते निथळण्याचे छिद्रही बुजवायला हवे; ते उघडे राहिले तर इंजिन पाणी तिथूनच ओढते, वरची नळी कितीही उंच असो.