डब्यावरची तिथी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अहिल्यानगरच्या कापड बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. त्याच वेळी व्यापाऱ्याच्या घरी निराळीच मोजणी चाललेली असते. बेसन किती किलो भाजायचे, हे तेथे केवळ खाणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही, दिवसांच्या संख्येवरूनही ठरते. दिवाळी चातुर्मासात येते आणि श्वेतांबर परंपरेनुसार चातुर्मासात कोरड्या, पक्क्या मिठाईची काळमर्यादा 15 दिवसांची असते. कार्तिकी पौर्णिमेपासून ती 30 दिवसांची होते, फाल्गुनी पौर्णिमेपासून 20 दिवसांची. पिठालाही हेच कोष्टक लागू आहे. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा याहून कडक : पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस.

2025 साली धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला होती. त्या दिवशी वळलेल्या बेसनाच्या लाडवांची मुदत, केल्याचा दिवस धरून, 1 नोव्हेंबरला संपली. कार्तिकी पौर्णिमा 5 नोव्हेंबरची. म्हणजे महिन्याची सवलत सुरू होण्यापूर्वीच दिवाळीचा डबा रिकामा व्हायला हवा. हुंडीची मुदत पाळणाऱ्या समाजाला हा हिशेब सांगावा लागत नाही. जुन्या गृहिणी डब्याच्या झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवून केल्याची तिथी लिहीत असत. काही घरांत ती अजूनही दिसते.

मुदतीआड वास, रंग किंवा चव बदलली तर पदार्थ ‘चलित रस’ ठरतो आणि त्या दिवशीच वर्ज्य होतो. मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो. या नियमाचा सारा रोख ओलाव्यावर आहे. बेसन तुपात खमंग भाजून, थंड झाल्यावर पिठीसाखर घालून वळलेल्या लाडवात वरून पाणी पडतच नाही, म्हणून तो टिकतो. रव्याचा पाकातला लाडू चवीला सरस खरा, पण पाक कच्चा राहिला तर ओलावा उरतो. त्यामुळे काटेकोर घरांत रवा तुपात भाजून बिनपाकाचा लाडू करतात. मावा कच्चा असेल तर त्याची मिठाई दुसऱ्या दिवशी चालत नाही. तो तुपात तांबूस होईपर्यंत परतावा लागतो. बासुंदी आणि पुरणपोळी त्याच दिवशी संपवायची. नगरची हवा कोरडी, कोकणातली दमट. कोष्टक मात्र दोन्हीकडे एकच. यावर तरुण मंडळी वाद घालतात आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मर्यादा हवेप्रमाणे ज्याने त्याने ठरवायची म्हटली, तर ती मर्यादा कसली?

नानकटाईचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. घरचे सामान भट्टीवर न्यायचे आणि मजुरी देऊन भाजून आणायचे, ही महाराष्ट्रातील गावोगावची रीत आहे. वाटीभर साजूक तूप आणि तेवढीच पिठीसाखर हलके होईपर्यंत फेसायची, दोन वाट्या मैदा आणि वेलदोड्याची पूड मिसळायची. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीचा ताव उतरतो. त्या मंद आचेवर नानकटाई फुलते, वरून भेगाळते. अडचण अशी, की त्याच भट्टीत आणि त्याच पत्र्यांवर अंड्याचे केकही भाजले जातात. घरचे पत्रे नेऊन निम्मीच अडचण सुटे. छोट्या विजेच्या ओव्हनने ती पुरती सोडवली. नव्या यंत्राने जुना आचार सोपा केल्याची उदाहरणे थोडी आहेत, त्यांतले हे एक. मैद्याचा प्रश्न मात्र उरतो, कारण तो दळला कधी हे घरात कोणालाच ठाऊक नसते. म्हणून काही घरांत ताज्या दळलेल्या कणकेची नानकटाई होते. ती रंगाला काळसर आणि दाताखाली किंचित रवाळ लागते; पाहुण्यांपुढे ठेवताना थोडे ओशाळायला होते, पण तिच्या पिठाची तारीख सांगता येते.

बाजारच्या खोक्याची अशी तारीख सांगता येत नाही. सुटी मिठाई कधीपर्यंत वापरावी हे दुकानात लिहून ठेवण्याचे बंधन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2020 पासून घातले. ती बनवली कधी, हे लिहिणे दुकानदाराच्या मर्जीवर ठेवले. घरचे कोष्टक तर बनवल्याच्या दिवसापासूनच मोजले जाते. लक्ष्मीपूजनाला पेढीवर खोक्यांचा ढीग लागतो. आडत्याकडून आलेले, गिऱ्हाइकाकडून आलेले. घरातली वडीलधारी बाई विचारते, “केव्हाची आहे?” उत्तर मिळत नाही आणि खोके न उघडता हमालाच्या किंवा दिवाणजीच्या हाती जाते. जे आपल्या पानात चालत नाही ते दुसऱ्याच्या पानात वाढणे, हे दान म्हणायचे की निकाल लावणे? पेढीवर हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. काही घरांनी वाटपापुरते लाडू घरीच करायला सुरुवात केली आहे. संख्या कमी ठेवावी लागते, खर्चही चढतो, पण नोकरांच्या आणि घरच्यांच्या डब्यांत एकाच परातीतले लाडू जातात.

कार्तिकी पौर्णिमेनंतर घाई ओसरते. साधुसाध्वींचे विहार सुरू होतात आणि स्वयंपाकघरात डिंक तळण्याचा वास दरवळतो. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, मग संक्रांतीच्या तिळाच्या वड्या. गाजर जमिनीखालचे म्हणून त्याचा हलवा या घरांत होत नाही. त्या जागी दुधी किसला जातो, आणि तो त्याच दिवशी संपतो. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र जरा मोठा काढतात. झाकणावरच्या चिठ्ठीला आता 30 दिवस मिळालेले असतात.