साउथ फोर्कचा मासेमारी क्लब : एक सरोवर आणि एक न सुटलेला प्रश्न

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरापासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, अ‍ॅलेगनी डोंगररांगेत सेंट मायकेल नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या दरीत मातीचे दोन उंच भराव समोरासमोर उभे दिसतात. त्यांच्यामधल्या रुंद खिंडाराच्या तळाशी एक लहान नदी वाहते. हे भराव म्हणजे १८८९ साली फुटलेल्या धरणाची दोन टोके होत. गावातली अनेक घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, तो एकेकाळी या धरणाच्या सरोवराचा तळ होता. त्याच गावात ४७ खोल्यांची एक जुनी लाकडी इमारत अजून उभी आहे. ती होती ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ची.

अमेरिकेच्या छोट्या गावांतून शिकार आणि मासेमारीचे शेकडो क्लब स्थापन झाले आणि काळाच्या ओघात विस्मृतीत गेले. साउथ फोर्कचा क्लब मात्र आजही अभ्यासला जातो. त्याने हौसेसाठी राखलेल्या पाण्याने २,२०९ माणसांचा बळी घेतला आणि त्याबद्दल कोणीही कायद्याने दोषी ठरले नाही, हे त्याचे कारण आहे.

गरज संपल्यावर पूर्ण झालेले धरण

हे धरण क्लबने बांधलेले नव्हते. रेल्वे येण्यापूर्वी फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग अशी मालवाहतूक कालव्यांतून होत असे. उन्हाळ्यात कालवा कोरडा पडू नये म्हणून राज्य सरकारने १८३८ मध्ये साउथ फोर्क येथे मातीच्या धरणाचे काम सुरू केले. पैशांअभावी मध्ये काही वर्षे काम थांबले आणि ते पूर्ण व्हायला १८५३ साल उजाडले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलेगनी डोंगर ओलांडून जाणारा सलग रेल्वेमार्ग सुरू झाला. कालव्याचे महत्त्व ओसरले आणि धरणाचे प्रयोजनही संपले.

१८५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने कालव्यासह धरण विकत घेतले, परंतु त्याची निगा राखण्यात तिला स्वारस्य नव्हते. १८६२ मध्ये धरणाचा काही भाग खचला. जलाशयात पाणी कमी असल्याने तेव्हा मोठी हानी टळली. १८७५ मध्ये ही मालमत्ता जॉन रायली या काँग्रेस सदस्याकडे गेली. धरणाच्या पायथ्याशी पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ बसवलेले होते. ते या काळात काढून भंगारात विकले गेले. आता जलाशयातले पाणी इच्छेनुसार कमी करण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

उद्योगपतींचा उन्हाळी विसावा

१८७९ मध्ये बेंजामिन रफ या व्यावसायिकाने ही पडीक मालमत्ता घेतली आणि त्याच वर्षी क्लबची स्थापना केली. पिट्सबर्ग हे तेव्हा पोलाद आणि कोळशाचे शहर होते. धुराने काळवंडलेल्या त्या हवेतून उन्हाळ्यात सुटका मिळावी, डोंगरातले थंड वारे आणि स्वच्छ पाणी लाभावे, ही शहरातल्या धनिकांची इच्छा होती. क्लबने ती पुरी केली. पोलाद उद्योगाचे अँड्र्यू कार्नेगी, कोकच्या भट्ट्यांचे मालक हेन्री क्ले फ्रिक, पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झालेले अँड्र्यू मेलन, नामवंत वकील फिलँडर नॉक्स आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे पिट्सबर्गमधील वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट पिटकेर्न अशी मंडळी सभासदांत होती. सभासदसंख्या साठच्या आसपास पोहोचली. सरोवराकाठी सभासदांच्या सोळा प्रशस्त बंगल्या उभ्या राहिल्या.

धरणाची डागडुजी करून सुमारे तीन किलोमीटर लांबीचे सरोवर पुन्हा भरण्यात आले. त्याला ‘लेक कॉनेमॉ’ असे नाव मिळाले. ईरी सरोवरातून रेल्वेने ब्लॅक बास जातीचे मासे आणून त्यात सोडले गेले. शिडाच्या होड्या आल्या, वाफेवर चालणाऱ्या लहान नौकाही आल्या. नावात शिकार असली, तरी क्लबचे जीवन मुख्यतः पाण्याभोवती फिरत होते : सकाळी गळ टाकून बसणे, दुपारी नौकाविहार, सायंकाळी सरोवरासमोरच्या व्हरांड्यात गप्पा.

सोयीसाठी केलेले चार बदल

या सुखाची किंमत समजण्यासाठी मातीच्या धरणाचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडे पाणी वाहून गेले तर ते बहुधा टिकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तर प्रवाह माती खरवडत जातो आणि काही तासांत धरण कापले जाते. म्हणून अशा धरणाला दोन सुरक्षा हव्यात : जादा पाणी बाजूने काढून देणारा पुरेसा मोठा सांडवा आणि जलाशयाची पातळी कमी करता येईल असे तळाचे नळ.

साउथ फोर्कला दुसरी सुरक्षा नव्हतीच, कारण काढलेले नळ क्लबने पुन्हा बसवले नाहीत. पहिल्या सुरक्षेलाही क्लबने स्वतःच धक्का लावला. बंगल्यांकडे जाणाऱ्या घोडागाड्यांना धरणावरून समोरासमोर जाता यावे, म्हणून माथा दोन ते तीन फुटांनी उतरवून रुंद करण्यात आला. माथा खाली आला, म्हणजे सांडव्याची वहनक्षमताही तेवढ्याने घटली. विकत आणलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावल्या गेल्या. पुरात वाहून येणारा पाला आणि ओंडके तिथेच अडकणार, हे उघड होते. जुने भगदाड बुजवताना माती आणि दगडांबरोबर झाडाच्या फांद्या, पेंढा आणि लीदही वापरली गेली. तो मधला भाग पुढे दबला आणि धरणाचा माथा ऐन मध्यावर, जिथे तो सर्वांत उंच असायला हवा, तिथेच किंचित खाली बसला.

यांपैकी एकही बदल कोणाचे वाईट व्हावे म्हणून केलेला नव्हता. प्रत्येक बदलामागे साधी सोय किंवा काटकसर होती. सोय सरोवराकाठच्या बंगल्यांची होती आणि धोका मात्र २२ किलोमीटर खाली, साडेचारशे फूट उतारावर वसलेल्या जॉन्सटाउनचा होता.

एक पत्र आणि त्याचे उत्तर

जॉन्सटाउन हे कॅम्ब्रिया आयर्न कंपनीच्या भोवती वाढलेले कामगारांचे गाव होते. आसपासच्या वस्त्या धरून सुमारे तीस हजार लोक तिथे राहत. त्यांत जर्मन आणि वेल्श स्थलांतरितांची संख्या मोठी होती.

कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना धरणाची काळजी वाटत होती. १८८० मध्ये त्यांनी जॉन फुल्टन या जाणकाराला पाहणीसाठी पाठवले. फुल्टन यांनी दोन दोष स्पष्ट लिहिले : पाणी सोडण्याचे नळ नाहीत आणि धरणातून होणारी गळती नीट थांबवलेली नाही. दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग उचलण्याची तयारीही मॉरेल यांनी दाखवली. रफ यांनी ती नाकारली आणि खालच्या लोकांना क्लबच्या उपक्रमापासून कसलाही धोका नाही, असे उत्तर पाठवले. मॉरेल १८८५ मध्ये वारले, रफ १८८७ मध्ये. नळ बसले नाहीत, जाळ्या निघाल्या नाहीत.

दरवर्षी पावसाळी दिवसांत धरण फुटल्याची आवई उठे आणि ती खोटी ठरे. सवयीने लोक तिच्याकडे दुर्लक्ष करू लागले.

३१ मे १८८९

३० मेच्या रात्री सुरू झालेल्या अतिवृष्टीने ३१ मेच्या सकाळपर्यंत सरोवर झपाट्याने चढू लागले. क्लबचे तत्कालीन प्रमुख इलायस अंगर यांनी मजुरांना कामाला लावले. माथ्यावर मातीचा उंचवटा घालण्याचा, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदण्याचा आणि जाळ्यांतला गाळ काढण्याचा प्रयत्न झाला. जॉन पार्क हा क्लबच्या नोकरीतला तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात इशारा देण्यासाठी गेला. खालच्या गावांकडे तारा रवाना झाल्या. जॉन्सटाउनमध्ये त्या वेळी रस्त्यांवर आधीच पाणी साचले होते, आणि नेहमीची आवई समजून इशाऱ्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. दोन कोटी टन पाणी अरुंद दरीतून घरे, झाडे, पूल आणि रेल्वेचे डबे ओढत खाली निघाले. ईस्ट कॉनेमॉ येथे जॉन हेस या इंजिनचालकाने आपल्या इंजिनाची शिट्टी सतत वाजती ठेवून वस्तीला सावध केले. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. चार वाजून सात मिनिटांनी लाट जॉन्सटाउनवर आदळली आणि सुमारे दहा मिनिटांत गाव उद्ध्वस्त झाले. ढिगारा रेल्वेच्या दगडी पुलाशी अडला, त्याने पेट घेतला, आणि पाण्यातून वाचलेली कित्येक माणसे त्या आगीत गेली. क्लबचे सभासद पिटकेर्न हे स्वतः त्या दिवशी रेल्वेने जॉन्सटाउनकडे निघाले होते. वाटेत गाडी अडली, तेव्हा नदीतून वाहत येणारी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पिट्सबर्गला मदतीसाठी पहिली तार त्यांनीच पाठवली.

मृतांचा अधिकृत आकडा २,२०९. नव्व्याण्णव कुटुंबे समूळ नाहीशी झाली. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या सातशेहून अधिक मृतांसाठी नावाविना संगमरवरी शिळांच्या रांगा उभ्या आहेत. क्लारा बार्टन आणि त्यांची अमेरिकन रेड क्रॉस संस्था पाच महिने तिथे राबत होती. शांततेच्या काळात या संस्थेने केलेल्या आरंभीच्या मोठ्या मदतकार्यांत त्याची गणना होते.

न्यायालयात काय झाले

क्लबविरुद्ध दावे लागले, पण एकाही दाव्यात नुकसानभरपाई मिळाली नाही. क्लबची बाजू नॉक्स आणि त्यांचे भागीदार जेम्स रीड यांच्या वकिली संस्थेने सांभाळली. दोघेही क्लबचे सभासद होते. क्लबच्या नावावर मालमत्ता नाममात्र होती, सभासदांच्या खासगी संपत्तीपर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या व्यक्तीचा हलगर्जीपणा सिद्ध करणे आवश्यक होते, आणि ज्याने बदल करवले तो रफ हयात नव्हता. पुराला दैवी आपत्ती म्हणणे सर्वांत सोपे ठरले. काही सभासदांनी देणग्या दिल्या. कार्नेगींनी जॉन्सटाउनचे ग्रंथालय नव्याने बांधून दिले, आणि आज त्याच इमारतीत पुराचे संग्रहालय आहे. दान मिळाले, जबाबदारीचा स्वीकार मिळाला नाही.

अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लबने केलेले बदल त्यात नोंदले गेले, पण मूळ धरणही या पावसात टिकले नसते, असा निष्कर्ष काढण्यात आला. तो सव्वाशे वर्षे प्रमाण मानला गेला. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेशी संबंधित भूशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने गणित मांडले. माथा मूळ उंचीवर असता आणि पाचही नळ जागेवर असते, तर धरण त्या दिवशी वाचले असते, असे त्यातून दिसून आले.

कायद्यावर या घटनेची छाया लांबवर पडली. इंग्लंडमध्ये १८६८ सालच्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या खटल्यात, आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठवणाऱ्याने ती सुटून झालेल्या हानीची भरपाई दिली पाहिजे, मग हलगर्जीपणा सिद्ध होवो वा न होवो, असे तत्त्व मांडले गेले होते. तो खटलाही जलाशयाचाच होता. जॉन्सटाउननंतरच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी हे तत्त्व स्वीकारले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन धोकादायक उद्योगांची जबाबदारी पूर्ण आणि निरपवाद ठरवली.

मराठी वाचकाला या कथेतले काही दुवे ओळखीचे वाटतील. काम पूर्ण होण्याआधी पाणी साठवलेले पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे बुडाले. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले, तेव्हा दोष खेकड्यांना दिला गेला. भारतात धरण सुरक्षा कायदा झाला तो २०२१ मध्ये.

साउथ फोर्कचा क्लब पुरानंतर पुन्हा उभा राहिला नाही. १९०४ मध्ये त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पुढे कोळशाच्या खाणी आल्या आणि रिकाम्या तळावर कामगारांची घरे उठली. १९६४ मध्ये धरणाच्या अवशेषांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. अंगर यांच्या शेतावरच्या अभ्यागत केंद्रातून आज ते खिंडार स्पष्ट दिसते. रुंद केलेल्या त्या माथ्यावरून क्लबच्या घोडागाड्या अनेक उन्हाळे ये-जा करत होत्या.