जुन्या कॉम्प्युटरमधला 'हा' डबा भंगारात देऊ नका, घरच्या घरी होईल बेंच पॉवर सप्लाय

माळ्यावर जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय? भंगारवाल्याला देण्याआधी त्यातला पंखा असलेला पत्र्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, काढून ठेवा. एलईडी, छोट्या मोटर किंवा अर्डुइनोचे प्रयोग करणाऱ्यांना हवा तेवढा व्होल्टेज देणारा बेंच पॉवर सप्लाय लागतो. तो या डब्यापासून बनवता येतो.

कोणत्या वायरमध्ये काय?

एसएमपीएस घरातल्या 230 व्होल्ट एसीचं डीसी करतो. पिवळ्या वायरमध्ये 12 व्होल्ट, लालमध्ये 5, केशरीत 3.3 आणि काळी म्हणजे ग्राउंड. काही सप्लायमध्ये रंग वेगळे असतात, त्यामुळे मल्टिमीटरने तपासून घ्याच.

मदरबोर्डशिवाय सुरू कसा होतो?

मोठ्या प्लगमधली एकुलती एक हिरवी वायर स्विच लावून काळ्या वायरला जोडायची. स्विच दाबला की सप्लाय चालू. काही जुने सप्लाय लोड नसेल तर नीट चालत नाहीत. तेव्हा लाल आणि काळ्या वायरमध्ये 10 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर लावतात. तो तापतो, म्हणून प्लास्टिकपासून लांब ठेवायचा.

व्होल्टेज कमी-जास्त कसा करायचा?

12 व्होल्टच्या लाइनवर 'सीसी-सीव्ही' प्रकारचं बक कन्व्हर्टर मॉड्युल बसवायचं. त्यावरच्या एका स्क्रूने व्होल्टेज साधारण 1.25 ते 10 पर्यंत बदलतो, दुसऱ्याने करंटची मर्यादा ठरते.

ही मर्यादा का हवी?

12 व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण एसएमपीएसची ही लाइन 10 अँपिअरहून जास्त करंट देऊ शकते. शॉर्ट झालं की सप्लाय बंद पडण्याआधीच बारीक वायर जळू शकते. त्यामुळे मॉड्युलच्या आधी 3 अँपिअरचा फ्यूज हवाच.

एक गोष्ट मात्र करू नका

डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. हा झटका जीव घेऊ शकतो. सगळी जोडणी बाहेर आलेल्या वायरींवर, प्लग काढूनच करा. न वापरलेल्या वायरींची टोकं टेपने बंद करा आणि सप्लाय अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटमध्येच लावा.