गेम सारखा क्रॅश होतोय? पैसे परत मागा!

ड्रायव्हर अपडेट केला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवा कूलिंग फॅनही आणला, तरी गेम बंदच पडतोय? मग नाद सोडा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो. मेख अशी, की सेटिंग्जशी झटापट करताना गेम उघडा राहिला तर तोही वेळ धरला जातो! म्हणून पहिल्या दोन-तीन क्रॅशनंतरच अर्ज करा. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ इतका कोसळत होता, की सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून पूर्ण रिफंड देऊ केला. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुणेकराला पुण्यातल्याच ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.