बटण दाबण्यापूर्वी...

व्हॉट्सॲप सुरू करताना आपण मान्यतेचे बटण दाबतो. तो करारच असतो. आपल्या मजकुरावरून कोणी कंपनीवर दावा लावला, तर कायद्याच्या मर्यादेत तिची भरपाई आपण करायची, असे कलम त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७९ काही अटींवर कंपनीला संरक्षण देते, लिहिणाऱ्याला नाही.

२०१२ साली पालघरला फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने तो लिहिला, दुसरीने पसंत केला होता. त्यांना लावलेले ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. बदनामीला मात्र भारतीय न्याय संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद आहेच.

तेव्हा बंधू-भगिनींनो, हक्काने लिहा. पण आलेला मजकूर खात्री केल्याशिवाय पुढे धाडू नका. मुलाबाळांनाही हे समजावून सांगा.