काहीच काम न करणारी हिरवी वायर!

पावसाळा तोंडावर आलाय, दोस्ता! अंगणातला दिवा पार गंजलाय. म्हणून आज वायरमनकाका नवा दिवा बसवायला आलेत. चल, बघू या. पण लांबूनच हं! विजेचं काम मोठ्यांचं. आपण फक्त डोळे उघडे ठेवायचे!

काकांनी दिव्याचं बटण बंद केलं. झालं? छे! ते थेट मेन स्विचकडे गेले आणि घरभरची वीज बंद! पंखासुद्धा थांबला. एवढं कशाला?

अरे, बटण तर एकच वायर तोडतं! चुकून ते भलत्याच वायरीवर बसवलेलं असेल, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. बाप रे!

मग काकांनी टेस्टर लावून खात्री केली आणि जुना दिवा उतरवला. भिंतीतून तीन वायरी डोकावल्या. लाल म्हणजे फेज. काळी म्हणजे न्यूट्रल. हिरवी म्हणजे अर्थिंग.

ओळख पाहू, दिवा लागायला यातल्या किती लागतात? तीन? चूक! दोनच!

समज, मैदानावर तुम्ही सगळे गोल उभे आहात. एका लांब दोरीची दोन्ही टोकं बांधून तिचं कडं केलंय, आणि प्रत्येकानं ते सैल मुठीत धरलंय. एकजण दोरी मागेपुढे ओढायला लागला की काय होतं? सगळ्यांच्या हातातली दोरी लगेच हलते! त्यात कुणी मूठ आवळली, तर त्याचा हात गरम होतो.

दोरी ओढणारा म्हणजे वीजकेंद्र. मूठ आवळणारा म्हणजे दिवा. लाल वायर ही कड्याची एक बाजू, काळी दुसरी. कडं तुटलं की खेळ खलास! बटण बंद करतो तेव्हा हेच होतं.

आणि गंमत ऐक! आपल्या घरातली ही दोरी एका सेकंदात 50 वेळा मागेपुढे होते! वायरीत इलेक्ट्रॉन नावाचे अतिशय बारीक कण असतात. ते वीजकेंद्रातून धावत तुझ्या दिव्यापर्यंत येतच नाहीत! जागच्या जागी डुलतात. तेही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी! तरी दिवा लागतो झटकन!

मग हिरवी वायर काय करते? काहीच नाही! दिव्याच्या धातूच्या डब्याला चिकटून वर्षानुवर्षं नुसती बसून राहते.

पण एखाद्या दिवशी आतली लाल वायर सुटून त्या डब्याला टेकली तर? डब्यात वीज! हात लावला की शॉक! अशा वेळी आपली आळशी हिरवी वायर कामाला लागते. वीज थेट जमिनीत नेते. तेवढ्यात मेन बोर्डावरचं सुरक्षेचं बटण खट्कन पडतं आणि वीज बंद!

जमिनीत कुठे नेते ठाऊक आहे? खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या पत्र्याकडे. आणि बऱ्याच ठिकाणी त्या खड्ड्यात काय घालतात? कोळसा आणि मीठ! हो, हो, मीठच! ओल्या, खारट मातीतून वीज सहज जाते. म्हणून तर उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी पाजतात!

आता नव्या दिव्याचं खोकं बघ. त्यावर लिहिलंय ‘आयपी 65’. त्यातला 6 सांगतो, आत धूळ अजिबात जाणार नाही. 5 सांगतो, कुठूनही पाण्याचा फवारा मारा, दिवा बिघडणार नाही. आता येऊ दे पाऊस!

जाता जाता एक कोडं. आईबाबांना इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग काढून दाखवायला सांग. एक पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब दिसेल. ती कुणाची? हिरव्या वायरीची! लांब का? म्हणजे प्लग लावताना ती सगळ्यांत आधी आत शिरते आणि काढताना सगळ्यांत शेवटी बाहेर येते. वीज येण्याआधीच पहारेकरी हजर!