लाल गाडीने लाव्हाच्या माथ्यावर

आम्हा डॉक्टरांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा तरी एक वाक्य बाहेर पडते : "रोज चालत जा." मधुमेह असो, रक्तदाब असो, गुडघेदुखी असो वा झोप न येणे असो, चिठ्ठीच्या तळाशी ही ओळ ठरलेली. डिचोलीत तीस वर्षे व्यवसाय केल्यावर एके दिवशी एका निवृत्त शिक्षकांनी मला शांतपणे विचारले, "डॉक्टर, तुम्ही स्वतः कुठे चालता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. लहानपणी ज्या टेकड्यांवर आम्ही करवंदे वेचीत हिंडलो, त्यांतल्या कित्येकांचा आकार खाणींनी पालटून टाकला होता. आणि घर ते दवाखाना हे अंतर मी मोटारीने कापीत होतो. "मग एकदा डोंगरावर जाऊ या. एस.टी.ने," गुरुजी म्हणाले. त्यातून आमच्या आंबोलीच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्या वाऱ्यांनी मला काय शिकवले, आणि पहिल्याच वारीत माझ्या हातून कोणती चूक घडली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

प्रथम पायाखालच्या जमिनीविषयी. डिचोली परिसरातील लोहखनिजाचे पट्टेदार खडक दोनशे कोटी वर्षांहूनही प्राचीन आहेत. त्यांच्या तुलनेत सह्याद्रीचा काळा कातळ अगदी अलीकडचा म्हणावा लागेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा पुनःपुन्हा बाहेर येऊन पसरला. ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा पर्वत आपल्या डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र लाव्हा पुरासारखा सपाट वाहिला व थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. झिजलेल्या थरांच्या कडा दुरून पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणूनच भूशास्त्रज्ञांनी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकांना 'ट्रॅप' हे नाव दिले. या विशाल आवरणाची दक्षिणेकडील किनार आपल्या अगदी शेजारी आहे. गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात तिचा थोडासा भाग येतो. परंतु बसने जाऊन निवांतपणे पाहण्यासारखी जागा म्हणजे सिंधुदुर्गातील आंबोली.

प्रवास सोपा आहे. डिचोलीहून दोडामार्ग, तेथून बांद्यावरून सावंतवाडी आणि सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगाव वा कोल्हापूरकडे जाणारी गाडी. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सावंतवाडी स्थानकावरच विचारून घ्यावी. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो. सुमारे तीस किलोमीटरांच्या प्रवासात आपण समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशातून जवळजवळ ६९० मीटर उंचीवर येतो. हवा चार अंशांनी तरी थंड झालेली असते. रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत काळा कातळ दिसू लागतो, हीच आपली 'पायरी'.

माथ्यावर आल्यावर मात्र काळ्या कातळाऐवजी आपल्या ओळखीचा तांबडा जांभा पायाखाली लागतो. पुष्कळांना हे कोडे वाटते. उष्ण व पावसाळी हवेत लाखो वर्षे कुजत गेलेल्या कातळातील विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहते; तोच जांभा. या दगडाला शास्त्रीय वाङ्मयात 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरानेच १८०७ मध्ये दिले, ही गोष्ट आपल्या मंडळींना सुखावणारी आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्याखालचा थर पाणी सहजी जिरू देत नाही. म्हणून पावसाचे पाणी मध्येच अडून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. हिरण्यकेशीचा उगम पाहताना हे ध्यानात ठेवावे. गुहेतून आलेले ते निर्मळ पाणी समोरच्या कुंडात उतरते, पुढे घटप्रभेला आणि तिच्यावाटे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. थोड्याच अंतरावर कड्यावरून कोसळणारा धबधबा मात्र अरबी समुद्राचा वाटसरू असतो. याच कुंडात आढळलेल्या एका छोट्या माशाचे 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नामकरण २०२० मध्ये झाले आणि २०२१ मध्ये हे स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तेथे पाण्यात साबण लावणे वा मासे पकडणे हा केवळ असभ्यपणा नव्हे, तो अपराध समजावा.

ज्यांना थोडकेच चालायचे आहे त्यांनी गावातून महादेवगडाच्या टोकापर्यंत जावे. चढ सौम्य आहे, आणि टोकावर उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते. धुके असल्यास कड्याच्या कठड्याबाहेर एक पाऊलही टाकू नये. पावसाळ्यात येथे गर्दी फार, शिवाय घाटात दरडींचे भय. आम्हाला ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस उत्तम वाटले.

आता माझ्या चुकीविषयी. गुरुजी मधुमेहाचे रुग्ण, साखर कमी करणारी सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळी त्यांना मीच लिहून दिलेली. त्या दिवशी त्यांनी ती सकाळी नेहमीप्रमाणे घेतली. आम्ही चार-साडेचार तास चाललो. जेवायला बसणार इतक्यात परतीची गाडी दिसली. "घरीच जेवू" म्हणून आम्ही धावत जाऊन बसलो. घाट अर्धा उतरलो असू, गुरुजींना दरदरून घाम फुटला. ते खिडकीला टेकले, काही तरी असंबद्ध बोलू लागले. "गाडी लागली वाटते," वाहक म्हणाला. खरे सांगतो, दोन मिनिटे मलाही तेच वाटले. मी त्यांना लिंबाचा वास दिला! मग त्यांनी मला माझ्याच नावाऐवजी दुसऱ्या कोणाच्या नावाने हाक मारली आणि माझे डोळे उघडले. पुढच्या आसनावरील एका बाईंच्या पिशवीत देवळातील प्रसादाचे साखरफुटाणे होते. गुरुजींना गिळता येत होते, हे आमचे भाग्य. मूठभर साखरफुटाणे, पाण्याचे घोट, आणि दहा-बारा मिनिटांनी त्यांनी विचारले, "दाणोली गेली का?" त्या एका प्रश्नाने मला जो दिलासा मिळाला, तो शब्दांत सांगणे कठीण.

रुग्णाला 'चालत जा' सांगणारा मी, चालण्याच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे सांगायला विसरलो होतो. व्यायामाने स्नायू साखर अधिक शोषतात आणि हा परिणाम चालणे थांबल्यावरही कित्येक तास टिकतो. म्हणून इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलावे, जेवण टाळू नये आणि खिशात साखर ठेवावी. घाटात घाम व गोंधळलेले बोलणे दिसले तर 'गाडी लागली' असे मानण्यापूर्वी साखरेचा विचार करावा. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये.

आणखी दोन-तीन गोष्टी. चढताना दम लागतो, उतरताना मांड्या व गुडघे बोलतात. म्हणून उतार सावकाश उतरावा. चालताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर थांबावे. छातीत दडपण आले तर तेथूनच परतावे. जळू लागल्यास घाबरू नये; तिच्या लाळेमुळे रक्त काही वेळ वाहते, ॲस्पिरिन घेणाऱ्यांना अधिक वेळ. गोचीड मात्र दुर्लक्षू नये. माकडतापाचे रुग्ण २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळले होते. तेव्हा जंगलातून आल्यावर अंग तपासावे, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, आणि नंतर ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आंबोलीच्या रानात मलबारी चापडा हा विषारी साप असतो, आणि आपल्याकडील प्रतिविष त्याच्या विषावर बनविलेले नाही. म्हणून झुडपांत हात घालण्यापूर्वी पाहावे.

गुरुजी आता पंचाहत्तरीत आहेत. त्यांची गोळी मी बदलली. गेल्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा महादेवगडावर गेलो, तेव्हा त्यांनी गाडीत बसण्याआधी डबा उघडला आणि मला म्हणाले, "आधी जेवण, मग एस.टी. गेली तर दुसरी येईल." चिठ्ठीच्या तळाशी मी आता हेच वाक्य जोडतो.